बोट न फिरलेल्या ओळी

लाँड्रीवाल्याला रक्ताचं वावडं नव्हतं. असतं तर धंदाच झाला नसता. त्याच्याकडे दोन हॉस्पिटलांच्या आणि एका प्रसूतिगृहाच्या चादरी यायच्या, आणि ती गाठोडी सोडायचं काम तो कामगारांवर टाकत नसे. कोपरापर्यंत रबरी हातमोजे चढवायचे, गाठोडं ओट्यावर उपडं करायचं आणि एकेक चादर उजेडात धरून वेगळी काढायची. औषधाचे डाग एकीकडे, जेवणाचे दुसरीकडे, रक्ताचे गार पाण्याच्या टाकीत. नवा कामगार आला की पहिल्याच दिवशी तो त्याला बजावायचा की रक्ताला आधी गार पाणी आणि मीठ. गरम पाणी दाखवलंस तर डाग जन्माचा बसेल आणि त्या चादरीत गुंडाळून मी तुलाच परत पाठवेन. आजवर कोणाला पाठवलं नव्हतं, पण कोणी गरम पाणीही दाखवलं नव्हतं.

आणि असा हा माणूस घरी तो शब्द उच्चारू शकत नव्हता.

घर लाँड्रीच्या वरच. संध्याकाळी शटर ओढलं की तो हातपाय धुऊन वर यायचा आणि जेवणाआधी घरातली प्रार्थना व्हायची. बाहेरच्या खोलीत चार खुर्च्या गोल मांडलेल्या असत. एक त्याची, एक बायकोची, आणि दोन मुलींच्या. थोरली कॉलेजात जाणारी, अबोल. धाकटी चौथीत, आणि थोरलीच्या वाटणीचं बोलणंही तिनेच उचललेलं. तो बायबलमधल्या शुभवर्तमानातला एक उतारा वाचायचा, रोज पुढचा. शेवटचं पान संपलं की पुन्हा पहिलं. मग सगळ्यांनी आपापल्या खुर्चीकडे तोंड करून गुडघे टेकायचे, कोणी तरी एकाने मोठ्याने प्रार्थना करायची, आमेन म्हणायचं आणि जेवायला बसायचं. ताप असो, पाहुणे असोत, दिवे गेलेले असोत, यात कधी खंड पडला नव्हता. या गोष्टीचा त्याला अभिमान होता, आणि तो त्याने फारसा लपवलाही नव्हता.

फक्त एक जागा अशी होती की तिथे त्याचं बोट उचललं जायचं.

गोष्ट शुभवर्तमान वाचणाऱ्या सगळ्यांच्या माहितीची. सभास्थानाचा अधिकारी प्रभूच्या पाया पडतो, माझी लेक मरायला टेकली आहे, चला, म्हणतो. प्रभू निघतो. रस्त्यात ही गर्दी. आणि त्या गर्दीतून एक बाई मागून येते, जिचा रक्तस्राव बारा वर्षं थांबलेला नाही, आणि त्याच्या कपड्याच्या काठाला हात लावते. लाँड्रीवाला गर्दीपर्यंत यायचा. तिथे त्याचं बोट कागदावरून उठायचं, पुढच्या रकान्यात उतरायचं, आणि थेट निरोपे यायचे की मुलगी गेली, आता गुरुजींना त्रास कशाला. त्याच्या वडिलांनी असंच वाचलं होतं. त्यांचं बोट उठलेलं त्याने लहानपणी पाहिलं होतं, आणि बापाची दुकानदारी घ्यावी तशी ही उडीही त्याने न विचारता घेतली. मुलींसमोर, बायकोसमोर, जेवणाआधी कोण असलं वाचतं? अधिकाऱ्याची मेलेली लेक या घरात दर वेळी प्रभूच्या हाकेने उठून बसली. ती बाई मात्र या घरात कधी आलीच नाही.

वडिलांचंच पुस्तक होतं ते. ओळीखालून बोट फिरवत वाचायची दोघांची सवय, त्यामुळे प्रत्येक ओळीखाली एक पुसट करडी रेघ उमटलेली होती. तेवढ्या ओळी सोडून. त्या पांढऱ्या होत्या. डाग हुडकण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला हे दिसत नव्हतं असं समजू नका. दिसत होतं. दर वेळी दिसायचं, आणि दर वेळी तो पान उलटायचा.

त्या वर्षी, उन्हाळा संपत आला असताना, प्रसूतिगृहाच्या गाठोड्यात त्याला घरची चादर सापडली.

हॉस्पिटलच्या प्रत्येक चादरीच्या कोपऱ्यावर शिक्का असतो. हिला नव्हता. निळी किनार होती आणि मधोमध बायकोने घातलेला रफू होता. ती नीट घडी करून गाठोड्याच्या पोटात सरकवलेली होती. एवढ्या रक्तात कोण बघतंय, असा विचार करून ठेवणाऱ्याने ठेवलेली. बायको अशा गोष्टी करणारी नव्हती आणि धाकटी अजून लहान होती. त्याने इकडे तिकडे पाहिलं. इस्त्रीवाली बाई पाठमोरी होती. त्याने ती चादर वेगळ्या बादलीत टाकली, आपल्या हाताने मीठ चोळलं, आपल्या हाताने वाळवली, इस्त्री केली, आणि सगळे बाहेर असताना वर नेऊन कपाटात ठेवली. काम झाल्यावर त्याला बरं वाटलं. पोरीची लाज राखली, असं वाटलं.

आठवड्याने दुसरी आली. मग एकदा चादर आणि दोन टॉवेल. मध्ये चार-पाच दिवस काही नाही, आणि पुन्हा. तो धूत राहिला. आता यावर कोणी म्हणेल, पुरुषमाणूस, त्याला काय कळणार? तर तसं नाही. डागावरून तो सांगू शकत होता की बाळंतपण सरळ झालं की अडलं. किती म्हणजे जास्त हे त्याला एखाद्या नर्सइतकं कळत होतं. हे जास्त होतं. बादलीतलं पाणी लाल असेपर्यंत तो तिथेच उभा राहायचा, आणि ते ओतून दिलं की पुढच्या गाठोड्याकडे वळायचा.

बायकोला सांगायचं त्याने ठरवलं, नाही असं नाही. एका सकाळी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला. "थोरली जरा फिकी दिसते," एवढं म्हणाला. बायको म्हणाली, परीक्षा आहे, जागते. तो हो म्हणून खाली निघून आला, आणि खरं सांगायचं तर जिन्यावरच त्याचा जीव भांड्यात पडला. विषय काढला होता. उत्तर मिळालं होतं. आता यापुढे त्याने काय करायचं? मिठाची गुळणी धरून बसायला माणसाला एवढंसंही कारण पुरतं.

फिरता फिरता ती गोष्ट पुन्हा आली. त्या संध्याकाळी तो वाचायला बसला तेव्हा थोरली समोरच होती, हात मांडीवर, ओठ खुर्चीच्या पांढऱ्या रंगाचे. अधिकारी आला, पाया पडला, प्रभू निघाला, गर्दी झाली. लाँड्रीवाल्याचं बोट उठलं आणि पुढच्या रकान्यात उतरलं.

"पण मग उशीर कुठे झाला?" धाकटीने विचारलं. निघाले तेव्हा मुलगी जिवंत होती आणि दोन ओळींत मेली, मधे हे लोक चहाला थांबले होते का, असं तिचं म्हणणं होतं. बायकोने तिला दटावलं. तो म्हणाला, गर्दी होती म्हणून.

"वाटेत कोणी तरी भेटलं होतं," थोरली हळूच म्हणाली.

त्याने मान वर केली नाही. पुढचं वाचायला लागला, आणि जरा भराभरच वाचलं. मुलगी उठली, चालली, तिला खायला द्यायला सांगितलं. मग सगळ्यांनी गुडघे टेकले आणि धाकटीने प्रार्थना केली. तिच्या प्रार्थनेत तिच्या बाईंची सर्दी आणि शेजारच्यांचं हरवलेलं मांजर असं बरंच काही असायचं. आमेन झालं. तो उठला, बायको उठली. थोरली तशीच राहिली, कपाळ खुर्चीच्या बैठकीला टेकवून.

तिची प्रार्थना चालू आहे असं त्यांना वाटलं. बायकोने धाकटीला बोटाने गप्प केलं आणि दोघी पाय न वाजवता स्वयंपाकघरात गेल्या. तो उभा राहून लेकीकडे बघत राहिला. पोर किती भक्तीने बसली आहे, असं त्याच्या मनात आलं. छाती जराशी फुगलीसुद्धा. पुढे कितीतरी दिवस त्याला सगळ्यांत जास्त छळलं ते त्या फुगलेल्या छातीने.

मग ती कुशीवर कलंडली.

चादरी पोचवायची गाडी दारातच होती, उद्याचा धुतलेला माल भरून. त्याने तिला उचलून त्या गाठोड्यांवर ठेवलं. बायको आत चढून तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली, धाकटी पुढे त्याच्या शेजारी.

हॉस्पिटलच्या मागच्या दाराने तो इतकी वर्षं आत जायचा. पुढच्या दाराने पहिल्यांदाच गेला. थोरलीला ज्या खाटेवर घेतलं तिच्यावरच्या चादरीची घडी त्याच्या इस्त्रीची होती. डॉक्टरीण तरुण होती आणि घाईत होती. तिने थोरलीचे डोळे, नखं पाहिली, नाडी धरली, आणि बायकोला विचारलं की रक्तस्राव होतो आहे, हा कधीपासून. बायको म्हणाली, मला काही बोलली नाही. एकदा पोट दुखतं म्हणाली होती. मी म्हटलं, होतं असं. गरम पाण्याची पिशवी दिली.

"कोणाला तरी माहीत असेल. आठवडा? महिना?"

खोलीत दोन नर्स होत्या, एक वॉर्डबॉय होता, पडद्यापलीकडे कोणाचे तरी नातेवाईक होते. लाँड्रीवाल्याने एकदा त्या सगळ्यांकडे पाहिलं.

"दोन महिने होत आले," तो म्हणाला. "मधे चार-पाच दिवस थांबतं. पुन्हा सुरू होतं. गेल्या पंधरवड्यात थांबलेलं नाही. गाठीही जातात."

डॉक्टरीण लिहिता लिहिता थांबली. "तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मग?"

डॉक्टरणीला उत्तराची वाट बघायला वेळ नव्हता. ती रक्ताची पिशवी मागवायला गेली. बायको मात्र जागची हलली नाही. ती त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर आधी राग नव्हताच, नुसता हिशेब लागत होता.

तो लागला तेव्हा ती बाहेरच्या बाकावर बोलली. कपाटात धुतलेल्या चादरी दिसायच्या. तिला वाटलं होतं, पोरगी आपलं आपण धुऊन ठेवते, मोठी झाली, शहाणी झाली. एकदा ती शेजारणीला कौतुकाने सांगणारही होती. "तुम्ही धुवायचात आणि मी त्याच काढून तिला अंथरायचे," ती म्हणाली. "छान जोडी जमली आहे आपली." मग ती रडली, आणि त्याने खांद्यावर ठेवलेला हात तिने झटकला नाही, पण धरलाही नाही.

रक्त चढत राहिलं. वर टांगलेल्या पिशवीतून थेंब थेंब खाली येत होतं आणि तो समोर बसून बघत होता. आयुष्यभर कापडातून काढलेली गोष्ट अशी मोजून मापून माणसात घालताना बघणं, तेही स्वतःच्या लेकीत, ही शिक्षा त्याला कोणी दिली नव्हती. तो आपणच खुर्ची ओढून बसला होता. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीण म्हणाली की धोका टळला. गर्भाशयात गाठबिठ काही नाही, रक्त गोठण्यातला दोष आहे, जन्मापासूनचा असावा, औषधांनी आटोक्यात राहील. पण अंगात रक्त इतकं थोडं उरलं होतं की हृदयावर ताण आला होता. आणखी आठवडाभर गेला असता तर काही सांगता आलं नसतं, असंही ती म्हणाली. म्हणजे काय, हे त्याने विचारलं नाही.

थोरली पहिल्यांदा नीट बोलली ती आईशी. "मला वाटलं चादरी तू धुतेस," ती म्हणाली. "म्हटलं, मम्मीला माहीत आहे. माहीत असून ती काही बोलत नाही, म्हणजे हे असंच असतं. सगळ्यांना होतं आणि सगळ्या सोसतात. मग मी कशाला रडू?"

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. सांगायचं त्यानेच होतं. तो म्हणाला, मी धूत होतो, बाळा.

थोरली रागावली असती, ओरडली असती तर त्याला चाललं असतं. खरं तर त्याला तेच हवं होतं. ती भिंतीकडे तोंड करून झोपली. त्यानंतर पाणी हवं का विचारलं तर नको, उशी सरकवू का तर नको. आईशी बोलायची, धाकटीच्या बडबडीला हसायची, आणि तो आत आला की डोळे मिटायची. तो रोज यायचा. कापड धुतलं की आपण मोकळे, असा त्याचा इतक्या वर्षांचा अनुभव होता. इथे धुण्यासारखं काही नव्हतं. नुसतं बसायचं होतं.

घरातली प्रार्थना बंद पडली होती. दोन संध्याकाळी कोणी नावही काढलं नाही. तिसऱ्या संध्याकाळी धाकटी आईबरोबर आली ती दप्तरातून ते पुस्तक घेऊन. तिने ते वडिलांच्या मांडीवर आपटलं आणि सांगितलं की खंड पडला आहे आणि हे बरं नाही.

वॉर्ड बायकांचा होता. दोन्ही बाजूंना खाटा, प्रत्येकीजवळ कोणी ना कोणी. पुस्तकात खुणेची फीत पुढच्या गोष्टीवर होती. त्याने तिथे उघडलं, थोडा वेळ नुसतं बघितलं, आणि मग एक पान मागे उलटलं.

अधिकारी आला. पाया पडला. प्रभू निघाला. गर्दी झाली. त्याचं बोट सवयीने उठलं, हवेत थांबलं, आणि होतं तिथेच खाली आलं.

तो अगदी पुटपुटत वाचू लागला. शेजारच्या खाटेवरची म्हातारी म्हणाली, जरा मोठ्याने वाचा, आम्हालाही कान आहेत. तेव्हा त्याने घसा साफ केला आणि तो शब्द वाचला. रक्तस्राव. छत काही कोसळलं नाही. एक नर्स औषधाची ट्रॉली ढकलत गेली. त्याने पुढे वाचलं. बाईने किती वैद्य केले, जवळचं सगळं कसं संपलं, आणि वाढतच गेलं. ती कशी मागून आली, कोणाला कळू नये म्हणून. कशी नुसता काठ शिवून परत जाणार होती. आणि प्रभू थांबला. एवढी घाई असताना, शेजारी मरणाऱ्या मुलीचा बाप तळमळत असताना, तो रस्त्यात थांबला आणि मला कोण शिवलं म्हणून विचारत राहिला, ती थरथरत पुढे येऊन सगळं खरं सांगेपर्यंत.

"म्हणजे इथे उशीर झाला होय," धाकटी म्हणाली.

त्याने मान हलवली. पुढची ओळ त्याने नुसती डोळ्यांनी वाचली होती, पण कधी उच्चारली नव्हती. प्रभू त्या बाईला काय म्हणून हाक मारतो ते त्या ओळीत होतं.

"मुली," त्याने वाचलं, आणि पुढे वाचता येईना.

लहानपणापासून या गोष्टीत एकच लेक आहे असं तो धरून चालला होता. जिच्यासाठी बाप धावतो ती. दुसरीवर त्याचं बोट कधी फिरलंच नव्हतं. अक्षरं हलायला लागली. बायकोने मान खाली घातली होती. थोरलीचं तोंड अजून भिंतीकडेच होतं.

"हिच्यासाठी कोणी का नाही आलं?" धाकटीने विचारलं. "त्या मुलीचे पप्पा आले ना बोलवायला. हिला पप्पा नव्हते?"

"असतील," भिंतीकडून थोरली म्हणाली. त्या कबुलीनंतर तो समोर असताना ती पहिल्यांदाच आपणहून बोलली होती. "त्यांना माहीत नसेल."

ती त्याच्यासाठी वाट करून देत होती. तेवढ्यावर भागवता आलं असतं. शेजारची म्हातारीही हं म्हणाली होती.

"माहीत होतं," लाँड्रीवाला म्हणाला.

"मग?" धाकटीने विचारलं.

तोच शब्द होता. या वेळी विचारणारी कुठे घाईने निघून जाणार नव्हती. ती हनुवटी त्याच्या मांडीवरच्या पुस्तकाला टेकवून वाट बघत होती.

"लाज वाटली त्यांना," तो म्हणाला. "ती मेली असती, तरी वाटतच राहिली असती. इतकी."

मग खाट करकरली. थोरलीने सुई टोचलेला हात जपून अंगाबाहेर काढला, कूस बदलली, आणि दुसरा हात त्याच्यापुढे केला. आपला हात मागते आहे असं समजून त्याने तो पुढे नेला. तिने तो बाजूला केला आणि पुस्तक ओढून घेतलं.

"कुठे होतो आपण?" तिने विचारलं.

त्याने बोट ठेवून दाखवलं. तिचा आवाज बारीक होता आणि मधे मधे दम घ्यावा लागत होता, पण तिने "मुली" पासून पुन्हा सुरुवात केली आणि एकही ओळ न सोडता वाचत गेली.